एकट्याने उदयपूर: परवडणारं आलिशान हॉटेल कसं निवडायचं

एकट्याने फिरणाऱ्याचं हॉटेलचं गणित पहिल्याच पायरीवर अडतं, कारण दर माणशी नसतो, खोलीचा असतो. दोघांना आठ हजार म्हणजे माणशी चार, तुम्हाला मात्र पूर्ण आठ. रिक्षा-टॅक्सीचंही तेच. म्हणून एकटं जायचं ठरलं की बरेच जण सरळ स्वस्तातलं लॉज शोधतात आणि चांगलं हॉटेल 'कुणी सोबत असेल तेव्हा बघू' म्हणून पुढे ढकलतात. मला हे अजिबात पटत नाही. चांगल्या हॉटेलचा खरा उपयोग एकट्या माणसालाच जास्त होतो. रात्री दाराबाहेर कुणाची पावलं वाजली तर काळजी नाही, जेवणासाठी अंधारात बाहेर पडायची सक्ती नाही, आणि फिरायचा कंटाळा आला तर अख्खा दिवस तिथेच मजेत जातो. फक्त आपण पैसे कशासाठी मोजतोय हे आधी स्वतःशी पक्कं हवं.

उदाहरणासाठी उदयपूर घेऊ. मुंबईहून थेट विमान आहे, वांद्रे टर्मिनसहून थेट गाडी आहे, आणि चार खोल्यांच्या हवेलीपासून पिछोला तळ्याच्या मधोमध उभ्या ताज लेक पॅलेसपर्यंत हॉटेलांच्या सगळ्या पायऱ्या एकाच तळ्याभोवती बघायला मिळतात. इथे जे लागू पडतं, ते जयपूर, जोधपूर, गोव्यालाही थोड्याफार फरकाने लागू पडतं.

माझा आग्रह एवढाच की पैसे तारखेत वाचवा, जागेत वाचवू नका. आणि मधल्या दर्जाच्या हॉटेलातल्या सगळ्यात मोठ्या खोलीपेक्षा वरच्या दर्जाच्या हॉटेलातली सगळ्यात लहान खोली घ्या. एकट्याला स्वीटचं काय करायचंय? पोहण्याचा तलाव, बाग, ग्रंथालय, नाश्ता, रात्रभर जागं रिसेप्शन हे सगळं लहान खोलीवाल्यालाही तेवढंच मिळतं.

आधी पंचांग, मग बुकिंग

उदयपूरच्या हॉटेलांचे दर हवामानावर जेवढे हलतात, तेवढेच लग्नांवर हलतात. बाहेरगावची वऱ्हाडं इथे अख्खं हॉटेल तीन-तीन दिवस घेतात. अशा वेळी उरलेल्या दोन-चार खोल्या मिळाल्या तरी दर चढा असतो, लॉनकडे जायची वाट बंद असते, नाश्त्याच्या हॉलमध्ये दोनशे पाहुणे असतात आणि पोहण्याच्या तलावाभोवती हळदीचा मांडव. तुम्ही पूर्ण दर भरता आणि मिळते फक्त खोली.

म्हणून तारखा काढताना दिनदर्शिका समोर ठेवा. देवशयनी एकादशीपासून देवउठनी एकादशीपर्यंत, म्हणजे आपल्या चातुर्मासात, लग्नं जवळपास थांबतात. हाच काळ पावसाचा आणि तळी भरण्याचा. ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर ही माझी पहिली पसंती: पाऊस चांगला झाला असेल तर पिछोला भरलेला असतो, अरवलीच्या टेकड्या हिरव्या असतात आणि दर हिवाळ्यापेक्षा बरेच खाली असतात. उलट मे-जूनमध्ये दर पडतात खरे, पण ऊन भाजून काढतं आणि आदल्या वर्षी पाऊस कमी झाला असेल तर 'लेक व्ह्यू'च्या नावाखाली किनाऱ्यावरचा चिखल दिसतो.

दुसरी खिडकी धनुर्मासाची. साधारण १६ डिसेंबर ते मकर संक्रांत या महिन्यात उत्तरेकडे लग्नं टाळतात. त्यातले नाताळ ते नववर्षाचे दिवस सोडून द्या, तेव्हा दर शिखरावर असतात. पण ५ ते १३ जानेवारी हा आठवडा सोन्यासारखा आहे. थंडी आहे, सुट्टीची गर्दी पांगलेली आहे, मांडव अजून उभे राहिलेले नाहीत. तिसरी खिडकी मीन संक्रांतीपासून मेष संक्रांतीपर्यंत, म्हणजे मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. या काळात दुपार तापलेली असते, पण सकाळ-संध्याकाळ छान. गणगौर हा राजस्थानातला सण याच सुमारास येतो. त्या दिवसांत गणगौर घाटाजवळची हॉटेलं भरतात, तेवढे दिवस बघून घ्या. मात्र राजस्थानातले 'सावे', म्हणजे तिथले लग्नाचे मुहूर्त, आणि आपल्याकडचे मुहूर्त तंतोतंत जुळत नाहीत, आणि काही कुटुंबं मुहूर्त न बघताही लग्न करतात. त्यामुळे हॉटेलला फोन करून विचारणं काही चुकत नाही.

आठवड्याचे वारही महत्त्वाचे. अहमदाबाद इथून जेमतेम अडीचशे किलोमीटर, त्यामुळे शुक्रवार-शनिवारी गुजरातकडून गाड्यांची रांग लागते. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत तर पाय ठेवायला जागा नसते. रविवारी रात्री तीच खोली स्वस्त होते. एकट्याला सुट्ट्या जुळवायला दुसरं कुणी नसतं, तर या सोयीचा पुरेपूर फायदा घ्या: रविवारी दुपारी पोचा, बुधवारी निघा.

एकट्या जाणाऱ्या बाईसाठी एक खास तारीख सांगते. हरियाली अमावस्येला, म्हणजे आपल्या दिव्याच्या अवसेला, सहेलियों की बाडी ही बाग आणि फतेहसागर तळ्याची पाळ इथे दोन दिवसांची जत्रा भरते. दुसरा दिवस फक्त बायकांचा. अख्खा रस्ता बायका-मुलींनी फुललेला असतो. पावसाळी दरात राहून हे बघता येतं.

७,५०० ची रेघ

२२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या खोलीवर ७,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावर १८ टक्के. संपूर्ण रकमेवर, फक्त वरच्या फरकावर नाही. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची खोली ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकाला १,०९३ रुपये. बुकिंगच्या साइटवर पहिल्या पानावर बहुधा कराआधीचा आकडा ठळक असतो, त्यामुळे हे शेवटच्या पानापर्यंत लक्षात येत नाही.

यात तीन गोष्टी तपासा. एक, नाश्त्यासकट एकच दर असेल तर तो मिळून रेघ ओलांडतो का? ७,२०० ची खोली नाश्ता धरून ८,००० झाली की कर सगळ्यावर १८ टक्के. अशा वेळी नुसती खोली घेऊन नाश्त्याचे पैसे तिथे वेगळे दिलेले स्वस्त पडू शकतात. दोन, कर प्रत्येक रात्रीच्या दरावर ठरतो. रविवार ६,९०० आणि शनिवार ८,२०० असेल तर शनिवार टाळण्याचं आणखी एक कारण मिळालं. तीन, ७,६०० ते ८,५०० च्या पट्ट्यातल्या हॉटेलला फोन करून 'कर धरून ७,८७५ मध्ये बसवता का' असं सरळ विचारा. हॉटेलच्या हातात सरकारला जाणारे पैसे येत नाहीत, त्यामुळे दर थोडा उतरवून खोली भरणं त्यांनाही परवडतं. ऑफ-सीझनला हे पुष्कळदा जमतं.

रेघेच्या वर जायचंच असेल तर मग जरासं जाऊ नका. ८,००० ची खोली हा सगळ्यात वाईट सौदा: कर पंचतारांकित, खोली मधली.

माझ्या मते एकट्यासाठी सगळ्यात चांगली मांडणी म्हणजे रात्री वाटून घेणं. तीन रात्री ७,४०० च्या खोलीत काढल्या तर करासकट २३,३१० होतात. त्याऐवजी दोन रात्री ४,५०० च्या नेटक्या हवेलीत आणि शेवटची रात्र ११,००० च्या हॉटेलात काढली तर ९,४५० आणि १२,९८० मिळून २२,४३०. पैसे जवळपास तेवढेच, पण एक रात्र खरोखरची राजेशाही. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या तारखांचे टाकून बघा. आलिशान रात्र शेवटचीच ठेवा. पहिल्या दोन दिवसांत सिटी पॅलेस, बागोर की हवेली, सज्जनगढ उरकलेलं असलं की त्या दिवशी हॉटेलाबाहेर पाऊल टाकायची गरज राहत नाही. सकाळी अकरालाच सामान घेऊन पोचा. खोली दोनला मिळेल, पण सामान ठेवून तलाव आणि बाग वापरू देतात. दुसऱ्या दिवशी बाराला खोली सोडल्यावरही संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसायची आणि अंघोळीची सोय होते का, हे आधीच विचारून घ्या.

कुठे राहायचं

जगदीश मंदिर, लाल घाट, गणगौर घाट हा जुना भाग पायी फिरायला उत्तम, आणि एकट्याला पायी फिरता येणं म्हणजे रोजचा रिक्षाखर्च वाचणं. पण गल्ल्या अरुंद आहेत, बऱ्याच ठिकाणी मोटार दारापर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा रिक्षाने किंवा बॅग ओढत. हवेल्यांत लिफ्ट बहुधा नसते, पायऱ्या उंच आणि अंगावर येणाऱ्या. गुडघे दुखत असतील तर 'रूफटॉप रेस्टॉरंट' हे आकर्षण नाही, तो रोजचा चार मजल्यांचा चढ आहे. मंदिराजवळच्या खोलीत पहाटेची आरती ऐकू येते, हेही धरून चला.

दाईजीच्या पादचारी पुलावरून पलीकडे गेलं की हनुमान घाट आणि अमराईचा भाग. इथे गर्दी कमी, आणि सिटी पॅलेसचं ते प्रसिद्ध दृश्य इथूनच समोर दिसतं. सिटी पॅलेसला लागून असलेल्या हॉटेलातून तो पॅलेस असा दिसत नाही, हे साधं भूगोलाचं सत्य जाहिरातीत कुणी सांगत नाही. एकट्याने जाणाऱ्याला मी हाच किनारा सुचवेन. रात्री नऊला जेवून पाच मिनिटांत चालत खोलीवर येता येतं.

पिछोलाच्या पश्चिमेला हरिदासजी की मगरीच्या बाजूला मोठी साखळी-हॉटेलं आहेत. शांत, प्रशस्त, हिरवी. प्रत्येक वेळी गावात यायला वाहन लागतं, पण शेवटच्या रात्रीसाठी ही जागा योग्य.

शहराबाहेर बडी, कैलाशपुरी, देबारी या बाजूंना नवी रिसॉर्टं कमी दरात मोठी खोली देतात आणि फोटो बघून जीव जातो. एकट्यासाठी माझं स्पष्ट मत: नको. जाण्या-येण्याचं भाडं वाटून घ्यायला कुणी नाही, रात्री परतीची गाडी मिळेलच असं नाही, आणि आवारात तेच एक रेस्टॉरंट. खोलीत वाचलेले दोन हजार टॅक्सीत आणि जेवणात जातात.

खोली क्रमांकाने मागा

जुन्या वाड्याच्या हॉटेलात दोन खोल्या सारख्या नसतात. एकाच 'डिलक्स' वर्गात एका खोलीला तळ्यावर उघडणारा झरोका असतो, त्यात गादी-तक्क्या टाकलेला, सकाळी चहा घेऊन बसलं की खाली पाण्यावर होड्या. दुसरीला आतल्या चौकाकडे उघडणारी हातभर खिडकी असते आणि चौकात रात्री अकरापर्यंत ताटांचा आवाज. दर एकच. साइटवरचा फोटो अर्थातच पहिलीचा. म्हणून वर्गावर बुकिंग करू नका. खोली क्रमांक विचारा, त्याच खोलीचे दोन फोटो मागवा: एक खिडकीतून बाहेरचा, एक न्हाणीघराचा.

'लेक फेसिंग' म्हणजे खिडकी तळ्याकडे. 'लेक व्ह्यू' म्हणजे कुठूनतरी तळं दिसतं. 'पार्शियल' म्हणजे मान वाकडी करून. काही ठिकाणी तळं फक्त गच्चीवरून दिसतं आणि तरी खोलीच्या नावात 'लेक' असतं. खरं सांगायचं तर गच्ची चांगली असेल तर तळ्याकडच्या खोलीचे जादा पैसे एकट्याने देऊ नयेत. तळमजल्याच्या खोल्या पावसाळ्यात ओलसर, कोंदट असतात. उन्हाळ्यात पश्चिमेकडची भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. जनरेटर, लिफ्ट आणि स्वयंपाकघराचा पंखा कुठे आहे, तेही विचारा.

ताऱ्यांबद्दल थोडक्यात. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती तपासणी करून दर्जा देते आणि तो पाच वर्षांसाठी असतो. जुन्या वाड्यांसाठी वेगळा 'हेरिटेज' वर्ग आहे, त्यात १९५० पूर्वीची वास्तू लागते. बुकिंग साइटवरचे तारे मात्र सरकारी असतातच असं नाही. अभिप्राय वाचताना 'सर्वात नवे' लावा आणि एकट्या प्रवाशांचेच दाखवा, बहुतेक मोठ्या साइटवर ही गाळणी असते. मग त्यात लग्न, गरम पाणी, पायऱ्या, आवाज हे शब्द इंग्रजीत शोधा. सरासरी ४.५ पेक्षा गेल्या दोन महिन्यांतले दहा अभिप्राय जास्त सांगतात.

फोन

साइटवर प्रवासी संख्या १ टाकून दर बघा. काही हॉटेलं एकट्यासाठी थोडा कमी दर दाखवतात, फरक बहुधा एका नाश्त्याचा असतो. काही दाखवतच नाहीत, तिथे फोन लागतो. साखळी-हॉटेलांची सदस्यता बहुतेक फुकट असते आणि सदस्याला त्यांच्याच साइटवर थोडा कमी दर मिळतो, तेवढं आधी करून घ्या. फोन सकाळी अकराच्या चेक-आउटच्या घाईत करू नका, दुपारी चारनंतर करा. रिसेप्शनऐवजी रिझर्व्हेशनशी बोला. विचारायचं असं:

'अमुक तारखेला एका व्यक्तीसाठी खोली हवी. त्या दिवसांत हॉटेलात किंवा लॉनवर लग्न आहे का? असेल तर कुठली खोली दूर पडेल? सीपी दर काय, ईपी दर काय? कर धरून किती? रिसेप्शन रात्रभर उघडं असतं का? स्टेशनवरून गाडी पाठवता का, किती घेता?'

ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्त्यासकट, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एकट्याने एमएपी घेऊ नये. दिवसभर भटकून आल्यावर बाहेर कुठेतरी चांगलं जेवण समोर येतं आणि हॉटेलचं आधीच भरलेलं वाया जातं.

ठरलेलं सगळं ईमेलवर मागवा: खोली क्रमांक, करासकट रक्कम, बुकिंग रद्द करायची शेवटची वेळ. आणि एक काळजी घ्याच. सर्चमध्ये वर आलेल्या कुठल्याही क्रमांकावर आगाऊ पैसे पाठवू नका. नामांकित हॉटेलांच्या हुबेहूब साइट बनवून यूपीआयवर पैसे उकळण्याचे प्रकार सर्रास होतात. क्रमांक हॉटेलच्या मूळ साइटवरून घ्या, पैसे घेणाऱ्या खात्याचं नाव हॉटेलशी जुळतं का बघा. फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

पोचल्यावर

खोली क्रमांक रिसेप्शनवर मोठ्याने उच्चारला गेला तर बदलून मागायला लाजू नका. चांगल्या हॉटेलात तो लिहून देतात. कॉरिडॉरच्या टोकाची आणि शेजारच्या खोलीत दार उघडणारी खोली टाळा. हवेलीत जुनी लाकडी दारं असतात, बाहेरून कुलूप आणि आतून कडी. कडी घट्ट बसते का, दाराच्या फटीतून ती बाहेरून सरकवता येते का, हे सामान उघडण्याआधी बघा. छोट्या हवेल्यांत रात्री अकरानंतर मुख्य दार बंद होतं आणि रखवालदार झोपतो. त्याचा क्रमांक फोनमध्ये घ्या.

मोठी हॉटेलं चेक-इनच्या वेळी जादा खर्चासाठी काही रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती नुसती अडते, डेबिट कार्डावर मात्र खात्यातून खरोखर जाते आणि परत यायला कित्येक दिवस लागू शकतात. सोबत दुसरं कुणी नाही, त्यामुळे एकच कार्ड घेऊन गेलात तर पुढचा प्रवास अडेल. दोन कार्डं ठेवा आणि किती रक्कम अडवणार ते आधी विचारा.

जेवणाच्या बिलाकडे लक्ष असू द्या. ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात एखादीही खोली ७,५०० च्या वर गेली असेल, त्याच्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये ५. म्हणजे १,२०० चं जेवण आत १,४१६, बाहेर १,२६०. शिवाय पदार्थ दोघांच्या मापाचे असतात. अर्धी प्लेट मेनूवर नसली तरी मागा, लाल मांस (राजस्थानी तिखट मटण) आणि डाळीच्या बाबतीत बरेचदा मिळते. नाश्ता सावकाश साडेनऊला करा आणि दुपारचं जेवण सोडा.

निघायच्या आदल्या रात्रीच कच्चं बिल मागून घ्या. सकाळी रांगेत उभं राहून ते नीट वाचून होत नाही. त्यात तीन ओळी शोधा: न घेतलेल्या मिनीबारची, दोन माणसांच्या नाश्त्याची आणि सर्व्हिस चार्जची. सर्व्हिस चार्ज सक्तीने लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. काढून टाका म्हटलं की काढतात. ज्याने खरोखर चांगली सेवा दिली, त्याच्या हातात तेवढेच पैसे द्या. शेवटी अडवलेली रक्कम सोडल्याची पावती किंवा ईमेल घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.